'अनुसूचित औषध' म्हणजे नेमकं कोणतं?

लालबागच्या आमच्या चाळीतल्या ज्येष्ठांसाठी औषधखरेदीवर पानभर मजकूर लिहितेय. त्यात 'शेड्यूल' दोनदा आलं, दोन्हीकडे 'अनुसूचित' लिहिलं आणि अडकले. 1945 च्या औषध नियमांतली अनुसूची 'एच' म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत ती औषधं. 2013 च्या औषध किंमत नियंत्रण आदेशातली अनुसूची म्हणजे सरकार ज्यांची कमाल किंमत ठरवतं ती. पॅरासिटामॉलची 500 मिलिग्रॅमची साधी गोळी पहिलीत नाही, दुसरीत आहे. मग ती अनुसूचित की बिगर-अनुसूचित? आणि 'ओटीसी'ला (ओव्हर द काउंटर, म्हणजे चिठ्ठी न दाखवता मिळणाऱ्या औषधांना) काय लिहू?

— दोन्हीकडे 'अनुसूचित' नकोच. मेडिकलमध्ये आपण विचारतो, 'चिठ्ठी लागेल का?' तेच घ्या: चिठ्ठीचं औषध, बिनचिठ्ठीचं औषध. 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात 'ओटीसी'ची व्याख्याच नाही. चिठ्ठी सक्तीच्या अनुसूच्यांत जे नाही ते बिनचिठ्ठीचं. मात्र 'विनापरवाना' चुकूनही लिहू नका, वर्तमानपत्रांत हा घोळ वाचून जीव तुटतो. चिठ्ठी गिऱ्हाइकाकडे हवी, परवाना दुकानदाराकडे. बिनचिठ्ठीचं औषध विकायलाही परवाना लागतो. बाम, ग्राइप वॉटर, पॅरासिटामॉल अशा काही घरगुती औषधांना हजारापर्यंत वस्तीच्या गावांत सूट आहे, लालबागला नाही. दुसऱ्या अनुसूचीला 'किंमत बांधलेलं औषध' म्हणा.

— 'बांधलेलं' पटत नाही. बांधलेला भाव म्हटलं की एकच भाव डोळ्यांसमोर येतो. इथे फक्त वरची मर्यादा ठरते, दुकानदार कमीही घेऊ शकतो. 'कमाल किंमत ठरलेलं औषध' लांबलचक आहे, पण खरं आहे. बाकीच्यांना 'अनियंत्रित'ही म्हणू नका. त्यांची किंमतही बारा महिन्यांत 10 टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. 'छापील किंमत' या शब्दानेही असंच होतं. माझी आई कित्येक वर्षं छापील म्हणजे तेवढेच पैसे द्यायचे असं धरून चालली होती. 'कमाल' शब्द गाळू नका.

— दोघांचेही आभार. आता असं लिहिलंय: 'या गोळीला चिठ्ठी लागत नाही. पट्टीवर छापलेली किंमत सगळे कर धरून कमाल, म्हणजे जास्तीत जास्त आहे. त्याहून जादा देऊ नका, बिल मागा.' 'स्ट्रिप'ला 'पट्टी' केलंय, पण शेजारच्या आजी 'पाकीट' म्हणतात. कोणता ठेवू?