मदत हवी आहे: एक्स१००व्ही मनासारखा सजवायचाय, पण पुढे विकताना भावही यायला हवा

कातळशिल्प:
नमस्कार मंडळी. माझ्याकडे फुजीफिल्मचा चंदेरी एक्स१००व्ही कॅमेरा आहे. बिल आणि बॉक्स दोन्ही जपून ठेवलंय. त्यात पुढील गोष्टी करायचा विचार आहे:

- काळं कव्हर काढून तपकिरी खरं चामडं चिकटवणं
- पितळी सॉफ्ट रिलीज बटण (मूळ शटर बटणावर बसवायचं उंच बटण)
- हॉट शूमध्ये (वरच्या फ्लॅश लावायच्या खाचेत) बसणारी अंगठ्याची पकड
- चामड्याची हाफ केस (कॅमेऱ्याचा खालचा भाग झाकणारी)
- तळाच्या प्लेटवर लेझरने नाव कोरून घेणं
- पावसासाठी ४९ मिमीची अ‍ॅडॅप्टर रिंग आणि फिल्टर

दोन-तीन वर्षांनी हा विकून पुढचं मॉडेल घ्यायचंय. राहतो रत्नागिरीत, त्यामुळे वर्षातले चार महिने हवेत ओल असते. यातलं काय केलं तर किंमत पडते आणि काय नंतर पूर्ववत करता येतं, ते जाणकारांनी सांगावं.

निरगुडी:
कोरण्याचं आधी सांगते, कारण तिथून मागे फिरता येत नाही. या कॅमेऱ्याच्या वरच्या आणि खालच्या प्लेटा अ‍ॅनोडाइज केलेल्या, म्हणजे वर कडक थर चढवलेल्या, अ‍ॅल्युमिनियमच्या आहेत. लेझर तो वरचा थर उडवतो. नंतर नाव घासून काढायला गेलात तर आजूबाजूचा थरही जातो आणि नावाच्या जागी पांढुरका चट्टा उरतो. शिवाय तळावर दुसऱ्याचं नाव दिसलं की घेणाऱ्याच्या मनात येतं, माल चोरीचा तर नाही? बिल दाखवलं तरी घासाघीस तिथूनच सुरू होते.

नाव फोटोंबरोबर जायला हवं असेल तर त्याची सोय कॅमेऱ्यातच आहे. सेटअप मेनूत सेव्ह डेटा सेटअप, त्यात कॉपीराइट इन्फो. तिथे छायाचित्रकाराचं नाव आणि हक्काची ओळ भरा. त्यानंतर काढलेल्या प्रत्येक फोटोच्या माहितीत ती उतरेल. विकताना तिथेच ‘डिलीट’ करा. नुसत्या रिसेटवर विसंबू नका. ही नोंद आणि फोनशी जोडणीची नोंद दोन्ही वेगवेगळ्या तपासून पुसा.

कोरीव नावाचीच हौस असेल तर अंगठ्याच्या पकडीवर किंवा हाफ केसच्या तळावर कोरा. त्या वस्तू तुमच्याकडेच राहणार आहेत.

सॉफ्ट रिलीज खुशाल लावा. शटर बटणाला शटर केबल जोडायचे आटे आहेत, त्यात ते बसतं. फक्त खाली पातळ रबरी ओ-रिंग असलेलं घ्या. रिंग नसेल तर ते सैल होत जातं आणि कधी पडलं ते कळतही नाही. पडू नये म्हणून आट्यांना थ्रेडलॉक (आटे पक्के धरणारा गोंद) लावायचा सल्ला कुठे वाचलात तर तो मुळीच मानू नका. पुढे बटण काढताना कॅमेऱ्याचं मूळ शटर बटणच सोबत फिरतं आणि काम दुरुस्तीवाल्याकडे जातं. बोटांनी बसेल तेवढंच आवळा, पक्कड नको. बॅग भरलेली असेल तेव्हा ते काढून ठेवा. उंच बटणावर बाजूने दाब आला तर मूळ बटणाची दांडी तिरकी होऊ शकते, आणि सतत दाबलं गेल्याने बॅटरी उतरते ते वेगळंच.

अंगठ्याच्या पकडीने हॉट शूच्या पट्ट्यांवरचा काळा रंग जातो. सारखी काढ-घाल केली तर जास्त जातो, म्हणून एकदा बसवली की राहू द्या. बसवायच्या आधी तिच्या पायाच्या कडा नखाने चाचपून पाहा. कडा बोचत असेल तर बारीक सँडपेपरने मोडा. शूचं मूळ प्लास्टिकचं झाकण बॉक्समध्ये टाका.

सुईदोरा:
चामड्याबद्दल. मूळ कव्हर मागे गोंद असलेलं पातळ सिंथेटिक आहे. ते काढताना ताणलं जातं, कोपरे लांबतात, गोंदाचे तुकडे बॉडीवर राहतात. जपून ठेवून पुन्हा चिकटवू म्हटलं तर कडेला फट राहतेच. कागदावर हा बदल उलटवता येतो असं वाटतं, पण प्रत्यक्षात तसं होत नाही.

त्यात अनेक कॅमेऱ्यांचे काही स्क्रू या कव्हरखाली असतात. त्यामुळे बदललेलं कव्हर दिसलं की पारखी माणूस विचारणार, आत कोणी हात घातलाय का? याची लेन्स बॉडीला कायमची जोडलेली आहे. आत धूळ किंवा ओल गेली असेल तर पूर्ण कॅमेरा उघडावा लागतो, त्यामुळे ही शंका महागात पडते.

तरीही करायचंच असेल तर निदान असं करा:

- जाडी ०.५ ते ०.८ मिमी. त्याहून जाड चामडं कडांवर उचललेलं राहतं, बोट लागून लागून सुटतं.
- नमुना कागदावर काढायच्या आधी बॉडीवर मास्किंग टेप लावा, कडेने पेन्सिल फिरवा, टेप उचलून जाड कागदावर चिकटवा आणि नवीन ब्लेडने कापा. आधी कागदाचाच तुकडा बसवून बघा.
- चिकटवायला पातळ दुहेरी टेप वापरा. फेव्हिबॉन्डसारखा संपर्क-गोंद पक्का धरतो, पण नंतर काढणं अवघड.
- फेव्हिक्विक कॅमेऱ्याच्या आसपाससुद्धा नको. त्याची वाफ काचेवर पांढरी बुरी धरते, आणि व्ह्यूफाइंडरच्या आत धरली तर ती पुसता येत नाही.

खरं चामडं रत्नागिरीच्या हवेत घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. जुलै-ऑगस्टमध्ये चपलांवर जी पांढरी बुरशी येते तीच यावर येणार, तीसुद्धा लेन्सपासून दोन बोटांवर. जुन्या झाइस इकॉन कॅमेऱ्यांवर चामड्याखाली हिरवट फुगवटे येतात, पितळी रिव्हेट गंजल्यामुळे. संग्राहक त्यांना ‘झाइस बम्प्स’ म्हणतात. एक्स१००व्हीला तसे फुगवटे येतील असं म्हणत नाही, पण चामडं ओल धरून ठेवतं हे त्यावरून कळतं. तपकिरी रंगच हवा असेल तर मूळ कव्हरवरून बसणारी व्हिनाइल स्किन लावा.

फिल्म कॅमेऱ्यांचं गणित वेगळं आहे. पेन्टॅक्स के१००० किंवा याशिका इलेक्ट्रो ३५ यांचं कव्हर आधीच सुटलेलं, आकसलेलं असेल तर नीट बसवलेल्या नव्या कव्हराने किंमत कमी होत नाही, उलट गिऱ्हाईक पटकन मिळतं. तिथे आत काय आहे ते मागचं दार उघडून, शटर मारून बघता येतं.

कातळशिल्प:
दोघांचेही मनापासून आभार. कोरणं आणि चामडं रद्द. स्किनबद्दल थोडं सांगाल का? काढताना रंग निघतो असं ऐकलंय. आणि हाफ केसचं काय?

सुईदोरा:
स्किन शाबूत रंगावर लावली तर रंग निघत नाही. आधीच टवका उडालेला असेल तर त्याची कड व्हिनाइलबरोबर उचलली जाते. म्हणून लावण्याआधी टॉर्च तिरका धरून पूर्ण बॉडी पाहा आणि टवका असेल तो भाग स्किनमधून कापून वगळा. सिरियल नंबर जिथे आहे ती जागाही मोकळी ठेवा. घेणारा तो बिलाशी आणि बॉक्सशी ताडून पाहणार. नंबर स्टिकरवर असेल तर स्किन काढताना स्टिकरच निघायचा.

काढताना हेअर ड्रायर सर्वांत कमी उष्णतेवर, १५ ते २० सेंमी अंतरावरून, एका भागाला २०-३० सेकंद. मग कोपरा उचला आणि पृष्ठभागाला जवळजवळ समांतर, मागे दुमडत हळू ओढा. सरळ वर उपटू नका. हीट गन नको. रबर किंवा स्क्रीनजवळ उष्णता नको.

फिरती_छत्री:
हाफ केसवर मी बोलतो, कारण किनारपट्टीवर नुकसान बहुधा तिथूनच होतं. केस लावली की कॅमेरा सुरक्षित असं वाटतं. पण बॉडी आणि चामडं यांच्यामध्ये वाळूचा एक कण अडकला तरी तो रोज त्याच जागी घासत राहतो. सहा महिन्यांनी केस काढली की कडेवर चकचकीत रेघ. आतल्या अस्तरात घाम आणि ओल मुरते ती वेगळी. सिलिकॉनचं कव्हर तर हवा अजिबात खेळू देत नाही.

केस वापरा, पण घरी आलं की काढा. कॅमेरा कोरड्या कापडाने पुसा, केस उलटी करून झटका. दोन्ही एकाच डब्यात कधीही ठेवू नका. ड्राय कॅबिनेट (आर्द्रता आटोक्यात ठेवणारं कपाट) असेल तर आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर ठेवा. नसेल तर हवाबंद डबा, सिलिका जेल आणि एक छोटा हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारं यंत्र). जेलचे रंग बदलणारे दाणे घ्या आणि रंग बदलला की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोनेक तास वाळवा. हायग्रोमीटर नसेल तर जेल काम करतंय की नाही हे कळायला मार्ग नाही. फार कोरडंही करू नका, ३० टक्क्यांखाली रबर आणि वंगण यांना बरं नाही.

विकताना लेन्समध्ये टॉर्च मारल्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बाकीचा कॅमेरा कितीही नवा असो, भाव कोसळतो. तुमच्या यादीतल्या कोणत्याही वस्तूपेक्षा बुरशीची जास्त काळजी करा.

अ‍ॅडॅप्टर रिंग घ्याच. हा कॅमेरा पावसाच्या शिंतोड्यांना तोंड देतो तो अ‍ॅडॅप्टर आणि फिल्टर दोन्ही लावल्यावरच, एकट्या रिंगने नाही. ती बसवायला लेन्सभोवतीची मूळ पातळ रिंग काढावी लागते. घट्ट असेल तर रबरी हातमोजा घालून चारही बाजूंनी सारखा दाब देऊन उलटी फिरवा. दोन बोटांनी चिमटीत धरली तर ती लंबगोल होते आणि आणखी अडकते. नवीन रिंग लावताना आधी उलटी फिरवा, ‘टक्’ करून आटे जुळले की मग सुलटी. आडवे आटे पडले तर नुकसान लेन्सचं.

काढलेली मूळ रिंग लगेच छोट्या झिप पिशवीत घालून, पिशवीवर नाव लिहून बॉक्समध्ये टाका. जुन्या एक्स१०० मालिकेचे कॅमेरे विकताना हरवलेली असते ती नेमकी हीच रिंग.

कॅमेऱ्याच्या बेल्टच्या धातूच्या कड्याही चंदेरी बॉडीच्या बाजूंवर चंद्रकोरीसारखे ओरखडे पाडतात. बॉक्समध्ये कड्यांखाली घालायची संरक्षक कव्हरं येतात, ती लावा. शिवाय डीट असलेलं डासांचं मलम लावलेल्या हातांनी कॅमेरा धरू नका. ते प्लास्टिक आणि रबर विरघळवतं.

ऐसपैस:
माझं मत थोडं वेगळं. हा कॅमेरा २०२० साली आला. २०२२-२३ मध्ये मागणी एवढी वाढली की नवा मिळेना आणि वापरलेला छापील किमतीच्या वर जाऊ लागला. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुढचं मॉडेल, एक्स१००व्हीआय, जाहीर झालं आणि चित्र पुन्हा बदललं. किंमत अशा गोष्टींनी खालीवर होते. दोन ओरखड्यांच्या भीतीने कॅमेरा कपाटात ठेवण्यात काय अर्थ? लायकाच्या काळ्या रंगाच्या बॉडीवर कडेने पितळ दिसू लागलं तर लोक ते आवडीने घेतात.

निरगुडी:
ऐसपैस, वापराच्या ओरखड्यांबद्दल पूर्ण सहमत. पण ओरखडा आणि बदल यांत फरक आहे. ओरखडा किती खोल आहे, त्याने काय बिघडलंय, हे घेणाऱ्याला समोर दिसतं आणि तो तेवढेच पैसे कापतो. बदललेल्या कव्हराखाली काय झालंय ते त्याला दिसत नाही, म्हणून तो मनातल्या सर्वांत वाईट शक्यतेचे पैसे कापतो. वापरा हो, भरपूर वापरा. पण त्याला बघून समजणार नाही असं काही करून ठेवू नका.

लायकाचं उदाहरण इथे लागू होत नाही. तिथे रंगाखाली पितळ आहे आणि त्या झिजेला कौतुक आहे. अ‍ॅनोडाइज अ‍ॅल्युमिनियमची झीज नुसती पांढरी दिसते.

जाहिरात टाकाल तेव्हा सजवलेला आणि मूळ रूपातला, दोन्ही फोटो द्या. तळ, हॉट शू आणि फिल्टरचे आटे जवळून दाखवा. पकडीमुळे शूवर पडलेल्या खुणा स्वतःहून लिहा.

कातळशिल्प:
पक्कं ठरलं: रिंग, फिल्टर, सॉफ्ट रिलीज, पकड, आणि केस फक्त बाहेर जाताना. एक शेवटचं. कंपनीचं नाव झाकायला वरच्या प्लेटवरच्या अक्षरांवर काळी इलेक्ट्रिकची टेप लावली होती. उन्हात तिचा गोंद उतरलाय आणि अक्षरांच्या खाचांत मळ बसलाय. कसा काढू?

सुईदोरा:
पीव्हीसी टेपचा गोंद उष्णतेने पातळ होतो, म्हणून झाकायचंच असेल तर गॅफर टेप (गोंद मागे न सोडणारी कापडी टेप) वापरा आणि तीही दर काही आठवड्यांनी बदला.

आता काढायची पद्धत. बॅटरी बाहेर काढा. शटर बटण, डायल आणि हॉट शू मास्किंग टेपने झाका, म्हणजे फटीतून काही आत जाणार नाही. थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यातलं अ‍ॅसिटोन प्लास्टिक आणि रंग खातं. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घ्या, थेंब टपकणार नाही इतकंच. गोंदावर टेकवून दहा सेकंद थांबा, मग एकाच दिशेने ओढा. पुढे-मागे घासलं तर विरघळलेला गोंद पुन्हा खाचेत जातो. प्रत्येक ओढीला काडीची नवी बाजू.

खाचांत राहिलेला मळ लाकडी टूथपिकचं टोक अल्कोहोलमध्ये बुडवून, जवळजवळ आडवं धरून काढा. सुई किंवा पिन नको. अक्षरांत भरलेला रंग फार घासलं तर सुटू शकतो, म्हणून आधी एकाच अक्षराच्या टोकावर करून बघा. काडीवर मळाचा तपकिरी चिकटपणा येत असेल तर पुढे जा. कोरडा काळा रंग उतरू लागला तर तिथेच थांबा, उरलेला गोंद कोरड्या मायक्रोफायबरने रोज थोडा थोडा वळून काढा.