सत्संगात खरं बोललं की तो 'अहंकार' कसा काय होतो?

कर्वेनगरकरीण:
लिहू की नको करत आठ दिवस काढले. आमच्या इथे दर गुरुवारी संध्याकाळी सत्संग असतो, एका काकांच्या बंगल्याच्या हॉलमधे, तीस-पस्तीस जण असतो. नाव सांगणार नाही, आणि माणसं खरंच चांगली आहेत, सासूबाई हॉस्पिटलात होत्या तेव्हा याच लोकांनी पाळी लावून रोज डबा पोचवलाय. तर नाम, निरूपण, आरती झाली की अनुभवकथन असतं, म्हणजे माईक फिरतो आणि ज्याला काही अनुभव आला त्याने सांगायचा. दोन वर्षांपूर्वी माईक माझ्याकडे आला, सगळे बघतायत, काहीतरी बोलायला हवं म्हणून मी सांगितलं की पहाटे नामाला बसले असताना चंदनाचा वास आला. वास आला होता हे खरंय. पण खालच्या मजल्यावरच्यांनी उदबत्ती लावली होती हे मला तेव्हाच माहीत होतं 🙈

शेजारच्या आजींच्या डोळ्यात पाणी. तेव्हापासून मी 'चंदनवाल्या ताई'. नवीन कोणी आलं की माझी तशीच ओळख करून देतात आणि मी हसते.

मागच्या आठवड्यात राहवलं नाही. ग्रुपवर लिहिलं की तो अनुभव खरा नव्हता, चार वर्षात मला नामात काहीही होत नाही, कंटाळा येतो, पाय दुखतात, तरी बसते, अजून कोणाचं असं होतं का? दहा मिनिटात 'फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात'. मग मुख्य ताईंचा फोन, "हा सूक्ष्म अहंकार आहे, तुला वेगळं दिसायचंय, थोडे दिवस मौन धर." आणि गंमत म्हणजे त्याच रात्री तिघींचे वेगवेगळे मेसेज आले, आमचंही असंच आहे गं, पण कुठे बोलू नकोस.

मला भांडायचं नाहीये. सोडायचंही नाहीये. फक्त हे बोलणं चूक होतं का ते सांगा.

जुना_भिडू:
ताई, राग मानू नका पण हो, चूक. मी २२ वर्षं सत्संगाला जातोय. सत्संग म्हणजे सोसायटीची जनरल बॉडी नाही की उठलं आणि मुद्दा मांडला. त्या आजींचा विचार केलात का? त्यांना दोन वर्षं तुमच्या चंदनाचा आधार वाटला असेल आणि तुम्ही तो मोबाईलवर एका मेसेजात काढून घेतलात, का, तर तुमचं मन हलकं व्हावं म्हणून. शिवाय खोटं तुम्ही बोललात, मंडळाने तुमच्याकडून वदवून घेतलेलं नाही. आधी ताईंकडे एकटीने जायचं होतं. मुक्ताईने ज्ञानोबांना समजावलं ते दाराशी उभं राहून, भर बाजारात नाही.

आळंदी_खुर्द:
माऊली, जुना भिडू म्हणतात त्यात थोडं तथ्य आहे, पण मुक्ताईचं उदाहरण उलटं पडतंय बघा. धाकटी बहीण, आणि समोर दार लावून बसलेला ज्ञानी भाऊ. तिला कोणी म्हणलं का की तू लहान आहेस, मौन धर? आणि ते ताटीचे अभंग आज अख्खा महाराष्ट्र म्हणतो, खासगी कुठे राहिलं ते.

आमच्याकडचं सांगतो. आमच्या घरात दिंडी आहे, लहानपणापासून चालतोय. पुणेकर पालखी बघतात ती फुटपाथवरून, चहा-बिस्किटं वाटतात, फोटो काढतात, छान आहे. पण कधीतरी पुढे लोणंद-फलटणकडे मुक्कामाच्या तळावरची समाज आरती बघा. सगळ्या दिंड्या गोल उभ्या, टाळ चालू, इतका कल्ला की शेजारचा काय बोलतो कळत नाही. सोहळ्याची शिस्त बघणारे चोपदार दंड वर करतात आणि क्षणात सगळे टाळ बंद. पण ज्या दिंडीची तक्रार असेल ती टाळ थांबवत नाही, वाजवतच राहते. एवढ्या शांततेत एकाच दिंडीचे टाळ, म्हणजे सगळ्या तळाला कळतं. मग चोपदार तिथे जातात, काय झालं विचारतात, तोडगा काढतात, ते टाळ थांबले की मगच माऊलींची आरती. माऊलींच्या पालखी सोहळ्याला आजचं रूप देणाऱ्या हैबतबाबांपासून चालत आलेल्या शिस्तीतली गोष्ट आहे ही. त्याला कोणी अहंकार म्हणत नाही, उलट न सांगता धुसफुसत चालणाऱ्यालाच आमचे आजोबा झापायचे.

जुना_भिडू:
चोपदाराचं उदाहरण सुंदर आहे, मान्य. पण तिथे तक्रार काय असते? तंबूला जागा मिळाली नाही, पाण्याचा टँकर आला नाही, क्रमात कोणी घुसलं. 'मला विठ्ठल दिसत नाही' म्हणून कोणी टाळ वाजवत नाही. व्यवस्थेची तक्रार वेगळी, श्रद्धेची वेगळी. श्रद्धेचं बोलायला अधिकार लागतो.

आळंदी_खुर्द:
बरोबर आहे, तंबूचीच असते. पण ज्या ठिकाणी तंबूचं बोललं तरी नाक मुरडतात तिथे मनातलं काय डोंबल बोलणार. आणि अधिकाराचं म्हणाल तर 'दिसत नाहीस, कुठे आहेस, एवढा कठोर का झालास' असं देवाला तोंडावर विचारणारे अभंग कमी आहेत का? ते सगळे आपण चाल लावून गातो, आणि तेच एका बाईने साध्या मराठीत ग्रुपवर लिहिलं की ग्रुप बंद 😄

पेठेतला_पाखंडी:
एकच प्रश्न. अनुभवकथनानंतर दानपेटी फिरते का?

कर्वेनगरकरीण:
नाही फिरत. प्रसाद फिरतो. सगळीकडे तेच नसतं हो.

@जुना_भिडू, आजींचं वाचून खरंच पोटात कालवलं. तो विचार मी केला नव्हता. पण एकटीने जायचं म्हणता तर गेले होते हो, दिवाळीनंतर. ताई म्हणाल्या, येईल अनुभव, तोपर्यंत आलाय असं समज. हे ऐकून मी काय करायला हवं होतं?

मरकळ_रिटर्न:
मला वाटतं घोळ माईकमधे आहे, बोलण्या-न बोलण्यात नाहीच. मी आळंदीजवळच्या मरकळला १० दिवसांच्या विपश्यनेला बसलोय. तिथे आर्य मौन, शेजारच्याला खूणसुद्धा करायची नाही, ऐकायला भयंकर वाटतं. पण आचार्यांना ठरलेल्या वेळी जाऊन विचारता येतं, आणि खोलीत पाणी येत नाही वगैरे असेल तर धम्मसेवकाला सांगता येतं. म्हणजे तोंड बंद पण दार उघडं. आणि एकमेकांशी बोलणंच नाही त्यामुळे त्याला प्रकाश दिसला मला का नाही ही भानगडच नाही. मला तर चौथ्या दिवसापर्यंत फक्त गुडघे दिसत होते, ते सांगितलं तर आचार्य हसले, म्हणाले बसा. किती बरं वाटलं सांगू. दर गुरुवारी पस्तीस जणांसमोर अनुभव सांगायची प्रथा ठेवलीत की कोणीतरी उदबत्तीचं चंदन करणारच, तुम्ही नाही तर दुसरं कोणी. तुम्हाला मौन धर म्हणाले त्यात जायला दार कुठलं होतं?

जुना_भिडू:
ताई, 'आलाय असं समज' हे मात्र मला पटलं नाही. असं कोणी सांगू नये. आमच्या महाराजांना एकाने विचारलं होतं, इतकी वर्षं झाली काहीच होत नाही, तर ते म्हणाले मलाही बरेच दिवस नाही होत, ये बस. बाकी ग्रुपवर टाकणं चूकच, यावर मी ठाम. लेखी शब्दाला आवाज नसतो, तुम्ही रडत लिहिलंत की ठसक्यात ते वाचणाऱ्याला काय कळणार. आजींच्या घरी जा आधी. समोर बसून सांगा.

पेठेतला_पाखंडी:
आणि त्या तिघी? त्या गप्पच राहणार ना. चौघींनी एकत्र माईकवर सांगितलं असतं तर किती जणींना मौन धरायला लावलं असतं?

कर्वेनगरकरीण:
अपडेट. बुधवारी आजींकडे गेले. सगळं सांगितलं, उदबत्तीसकट. आजी म्हणाल्या, "मला माहित्ये की. तुझ्या खालचे जोशी माझे व्याही, मोगरा लावत नाहीत ते, चंदनच लावतात." मग डोळ्यात पाणी का आलं होतं म्हणलं, तर म्हणाल्या, तू नवीन होतीस आणि घाबरलेली दिसत होतीस म्हणून.

गुरुवारी गेले. माईक आला. "आज सांगण्यासारखं काही नाही, पण नाम चालू आहे," म्हणाले आणि पुढे दिला. कोणी काही बोललं नाही. त्या तिघींपैकी एकीने तसाच पुढे दिला, बाकी दोघींनी अनुभव सांगितले. ताई नजरेला नजर देत नव्हत्या. ग्रुप अजून बंदच. प्रसादाचा शिरा मला जरा कमीच वाढला.

जुना_भिडू:
कमी वाढला, की तुम्हाला तसा वाटला?