व्हिडिओत फक्त अबोलीचा रंग ठेवायचाय, पण आजीचे गाल पण रंगीत राहतायत, काय करू?

माडाखालची
नमस्कार मंडळी. पुढच्या रविवारी आजीचं सहस्रचंद्रदर्शन आहे आणि त्या दिवशी सगळ्यांना दाखवायला मी तिचा चार मिनिटांचा व्हिडिओ करतेय. आमच्या बल्कांवावर (घरापुढच्या ओसरीवर) बसून ती अबोलीची फाती, म्हणजे गजरा, करते, ते मोबाईलवर शूट केलंय, सुपातली फुलं, केळीचा वाख, तिची बोटं, सगळं जवळून. मला बाकी चित्र कृष्णधवल हवंय आणि अबोली तेवढी रंगात. दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची फुकटवाली आवृत्ती आहे. क्वालिफायरने (रंगावरून भाग निवडायचं टूल) फुलावर क्लिक केलं, निवड उलटी केली, सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) शून्यावर आणलं, तर फुलं राहिली रंगीत पण आजीचे गाल, हात, मागची चिऱ्याची भिंत हे पण अर्धवट रंगीत, आणि फुलांच्या कडांवर मुंग्या चालल्यासारखं वळवळतंय. दोन रात्री यात गेल्या. प्रीमिअर घेऊ का? की माझंच काही चुकतंय?

डिचोलीचा
ताई, सॉफ्टवेअर बदलू नका. प्रीमिअरमध्ये लुमेट्री या रंगाच्या पॅनेलात एचएसएल सेकंडरी म्हणून हेच आहे, तिथेही आजीचे गाल रंगीतच राहतील. मुळात अबोलीचा रंग आणि माणसाच्या कातडीचा रंग हे सख्खे शेजारी. वेक्टरस्कोप, म्हणजे चित्रातले रंग गोलावर दाखवणारा आलेख, उघडा, त्याच्या सेटिंगमधून स्किन टोनची रेघ चालू करा, लाल आणि पिवळ्याच्या मधे ती रेघ दिसेल, गोरा असो सावळा असो सगळ्यांची कातडी त्याच रेघेच्या आसपास येते. तुमची फुलं पण तिथेच कुठेतरी असणार, फक्त मध्यापासून लांब, आणि गाल आतल्या बाजूला. हे मध्यापासूनचं अंतर म्हणजे सॅच्युरेशन. तेव्हा ह्यूवर (म्हणजे रंग कुठला त्यावर) ओढाताण करत बसू नका, सॅच्युरेशनची खालची मर्यादा हळूहळू वर न्या, शिफ्ट एच दाबून ठेवलं की निवडलेलं तेवढंच रंगात दिसतं आणि बाकी करडं, ते बघत बघत करा. गाल करडे झाले की थांबा. चिऱ्याची भिंत फुलांपेक्षा काळपट असते, ती ल्युमिनन्सची (उजळपणाची) खालची मर्यादा वर नेली की जाते.

तिसवाडी_फ्रेम्स
वरचं बरोबर, पण त्याच्या आधीचं एक राहिलं. बल्कांवावर सावलीत शूट केलंय ना? समोर माड, केळी असतील तर तो सगळा हिरवा उजेड आत येतो, फुलं पण मळकी दिसतात आणि कातडी पण. त्यामुळे पहिल्या नोडमध्ये (नोड म्हणजे रंगकामाची एकेक पायरी) नुसता व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरं दिसणं, आणि कॉन्ट्रास्ट नीट करा, आजीचं नऊवारी पांढरं असेल किंवा तिचे केस, त्यावरून अंदाज घ्या, आणि मग दुसऱ्या नोडमध्ये क्वालिफायर लावा. क्वालिफायर त्याच्या नोडमध्ये जे चित्र येतं त्यावर रंग निवडतो, म्हणजे आधी साफ केलेलं चित्र दिलं तर फूल आणि गाल यांतला फरक त्याला जास्त कळतो. मी लग्नांचं काम करतो, हळदीचे व्हिडिओ करताना हे शिकलो, पिवळी हळद आणि हळद लागलेला चेहरा वेगळा करताना घाम फुटतो.

मुंग्यांचं कारण मोबाईलचं रेकॉर्डिंग. साधारण मोबाईल ८ बिट ४:२:० मध्ये रेकॉर्ड करतो, म्हणजे चित्र १९२० बाय १०८० असलं तरी रंगाची माहिती ९६० बाय ५४० एवढीच, एका रंगबिंदूवर चार पिक्सेल भागवायचे. अबोलीची पाकळी केवढीशी, कडेला रंग दातऱ्या पडल्यासारखा तुटतो. क्वालिफायरच्या मॅट फिनेसमध्ये (निवडीच्या कडा साफ करायची सेटिंग) डिनॉइज थोडं, क्लीन ब्लॅक थोडं, शेवटी ब्लर रेडियस थोडा. थोडा म्हणजे खरंच थोडा, नाहीतर फुलांभोवती केशरी धुकं तयार होतं.

माडाखालची
दोघांचे खूप आभार. सॅच्युरेशनने गाल गेले!! भिंत पण गेली. पण बोटं जात नाहीयेत. फूल उचलते तेव्हा बोटांची टोकं रंगीत होतात, आणि कपाळावरचं कुंकू पण राहतं.

सांगेतली_सांज
बोटांसाठी आता विंडो, म्हणजे चित्रावर काढलेला आकार, वापर गं. क्वालिफायर असलेल्या त्याच नोडमध्ये पेनने सुपाभोवती आणि फातीभोवती आकार काढ, एका नोडमध्ये दोन्ही असले की दोन्हीत बसेल तेवढंच निवडलं जातं, म्हणजे कपाळ आपोआप बाहेर. मग ट्रॅकरवर जाऊन कंट्रोल टी, तो आकार हातासोबत चालेल. फुकटच्या आवृत्तीत ट्रॅकर पूर्ण मिळतो, माणूस आपोआप निवडणारा मॅजिक मास्क मिळत नाही, तो विकतच्या स्टुडिओ आवृत्तीवाल्यांना, पण तुझ्या कामाला त्याची गरज नाही. विंडोच्या कडा मऊ ठेव. आणि दुसऱ्या क्लिपवर ग्रेड (केलेलं सगळं रंगकाम) उचलून नेलीस तर (थंबनेलवर माऊसचं मधलं बटण) ट्रॅकिंग नव्याने करावं लागेल.

माझं मात्र एक मत आहे, राग मानू नको. बोटांच्या टोकांना थोडा रंग राहिला तर राहू दे. मी माझ्या आईचा असाच व्हिडिओ केला होता शेवंतीचा, सगळं काटेकोर वेगळं केलं आणि नंतर बघितलं तर फुलं कापून चिकटवल्यासारखी दिसत होती, आईचा हात राखाडी, जिवंत वाटेना. शेवटी मी बाकीचं सॅच्युरेशन शून्यावर न ठेवता पंधरा-वीसवर ठेवलं. रिझॉल्व्हमध्ये पन्नास म्हणजे मूळ रंग, तेव्हा वीस म्हणजे बराच उतरलेला, पण माणूस माणसासारखा दिसतो.

डिचोलीचा
याला माझा पाठिंबा. आणि बाहेरचं हिरवं डोळ्यांत घुसत असेल तर ते ह्यू व्हर्सेस सॅट कर्व्हने (एकाच रंगाचं सॅच्युरेशन बदलणारी रेघ) उतरवा, हिरव्यावर क्लिक केलं की कर्व्हवर तीन बिंदू येतात, मधला खाली ओढायचा. पावसाळ्यातलं शूट असेल तर हे लागतंच, मोबाईल आपलं हिरवं भडक करतो.

माडाखालची
काल रात्री बसून केलं. सॅच्युरेशन अठरावर ठेवलंय. सांगेतल्या ताई, तुमचं म्हणणं पटलं, आजीच्या अंगठ्याच्या नखाला वाख ओढून ओढून हिरवट डाग पडलाय, तो पूर्ण कृष्णधवलमध्ये दिसतच नव्हता, आता हलकासा दिसतो आणि त्याच्या शेजारी अबोली. ते बघून मीच थोडा वेळ रेंडर लावायचं विसरले.

एकच अडचण, एका क्लिपमध्ये मधेच सगळा रंग बदलतो, फुलं एकदम गुलाबी होतात आणि निवड सुटते.

तिसवाडी_फ्रेम्स
मोबाईलने मधेच आपणहून व्हाइट बॅलन्स बदललाय. जिथे बदलतो तिथे क्लिप कापा, दुसऱ्या तुकड्याचा पहिला नोड वेगळा जुळवा, क्वालिफायर मग तोच चालेल. पुढच्या वेळी कॅमेऱ्यात व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजर लॉक करून शूट करा. आणि रविवारी टीव्हीवर दाखवणार असाल तर आदल्या दिवशी पेनड्राइव्हवर टाकून त्याच टीव्हीवर बघा, पिक्चर मोड व्हिव्हिड असेल तर बदला, नाहीतर अबोली अबोली राहणार नाही, झेंडूसारखी दिसेल.

माडाखालची
कापून जुळवलं, जमलं. टीव्ही मामाकडचा आहे, शनिवारी जाऊन बघते. देव बरें करूं तुम्हां सगळ्यांना. आजीला अजून काही सांगितलेलं नाही, ती रोज विचारते, एवढी रात्रभर कॉम्प्युटरवर काय करतेस म्हणून.