गोल्फचा जुना ड्रायव्हर (सर्वांत लांब मारायची काठी) बदलावा की आणखी दोन वर्षं रेटावा? (टेलरमेड आर-११)

डावा_डॉगलेग:
नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०११ चा टेलरमेड आर-११ आहे. पांढरं हेड, लॉफ्ट (फेसचा, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या बाजूचा, कल) ९ अंश, मूळचा ६० ग्रॅमचा स्टिफ शाफ्ट (दांडा). हँडिकॅप १७ (म्हणजे मध्यम दर्जाचा हौशी), खेळ बहुतेक येरवड्याला. लाँच मॉनिटरवर (मार मोजणारं मशीन) २० चेंडूंची सरासरी: हेडचा वेग ताशी ९२ मैल, चेंडूचा वेग १३१, लाँच (चेंडू उडायचा कोन) १०.५ अंश, स्पिन (मिनिटाला उलटे फेरे) ३४००, कॅरी (हवेतलं अंतर) १८८ यार्ड. चूक झाली की बॉल उजवीकडे जातो.
नवा घ्यायचा तर पन्नास-साठ हजारांच्या घरात जातो. प्रश्न दोन. चौदा-पंधरा वर्षांत फेस 'मेला' असेल का? आणि नव्या हेडने खरंच किती यार्ड वाढतील?

शाफ्टवेडा:
फेस मरत नाही. ही समजूत रेंजवर (सरावाच्या मैदानावर) फार पसरली आहे, पण टायटॅनियमचा फेस मार खाऊन मऊ पडत नाही. झालाच तर उलटा परिणाम होतो: सतत मारून फेस किंचित जास्त लवचीक होत जातो, आणि शेवटी तडकतो. तडकला की आवाज बदलतो, ठणठणीत ऐवजी फुटक्या मडक्यासारखा येतो. फेसच्या कडेने आणि क्राउनच्या (हेडच्या वरच्या भागाच्या) सांध्यावर टॉर्चचा तिरपा उजेड टाकून बघा. तिथे केसाएवढी रेघ दिसली तर विषय संपला, नवा घ्या. हेड हलवून आत खडखड वाजत असेल तर तो बहुधा सुटलेल्या एपॉक्सीचा तुकडा असतो. त्याने अंतर कमी होत नाही, डोकं मात्र उठतं.

दुसरा प्रश्न. फेसच्या 'स्प्रिंग'वर यूएसजीए आणि आर अँड ए या नियम करणाऱ्या संस्थांनी घातलेली मर्यादा (सीटी, म्हणजे चाचणीत फेसशी संपर्काचा वेळ, २३९ मायक्रोसेकंद, वर १८ ची सूट) आणि ४६० सीसी आकाराची मर्यादा २००४ पासून तीच आहे. आर-११ ४४० सीसीचा असला तरी फेसच्या मधोमध लागलेल्या चेंडूला तोही त्या मर्यादेच्या जवळपासच वेग देतो. म्हणजे अगदी मध्यात मारलेल्या बॉलला २०२४ चं हेड काही जादू करणार नाही. फरक पडतो तो मध्यापासून दूर लागलेल्या बॉलला.

आता तुमचे आकडे. १३१ भागिले ९२ म्हणजे १.४२. ड्रायव्हरवर १.४८-१.५० पर्यंत जाता येतं. तुमचे पाच-सात मैल फेसवरच सांडताहेत, आणि चेंडूच्या वेगातला एक मैल म्हणजे दीड-दोन यार्ड कॅरी. त्याहून बोलका आकडा म्हणजे कमी लाँच आणि जास्त स्पिन एकत्र. ही जोडी बहुतेक वेळा फेसच्या खालच्या भागावर लागलं की दिसते. खाली लागलं की गिअर इफेक्टमुळे (हेड वळतं तसा चेंडू दातेरी चाकासारखा उलटा फिरतो) स्पिन वाढतो, आणि फेसच्या गोलाईमुळे तिथला लॉफ्टही कमी असतो. वर लागलं की बरोबर उलटं. तुलनेला एलपीजीएची (व्यावसायिक महिला खेळाडूंची) ट्रॅकमॅनने मोजलेली जुनी सरासरी घ्या: हेड ९४, चेंडू १४०, लाँच १३.२, स्पिन २६११, कॅरी २१८. तुमच्यापेक्षा वेग फक्त दोन मैलांनी जास्त.

घाटावरचा_बंकर:
शाफ्टवेडाशी सहमत. पण त्याआधी मॉनिटरवर किती भरवसा ठेवायचा तेही बघा. रेंजचे जुने दगडी चेंडू मारले असतील तर स्पिन आणि वेग दोन्ही सोडून द्या. स्वतःचे, एकाच प्रकारचे सहा चेंडू न्या. मशीन रडारवर चालणारं असेल आणि चेंडू तीन मीटरवर जाळीत जात असेल, तर स्पिनचा आकडा बऱ्याचदा मोजलेला नसतो, अंदाजाने काढलेला असतो. उंचीची सेटिंगही विचारा. पुणे साधारण ५६० मीटरवर आहे, तिथे चेंडू समुद्रसपाटीपेक्षा दोनेक टक्के लांब जातो. चेंबूरच्या आणि येरवड्याच्या कॅरीची तुलना करताना हे चार यार्ड कुणी धरत नाही, आणि मग नव्या ड्रायव्हरला श्रेय मिळतं.

पाचवा_पुट:
माझं मत थोडं वेगळं. १७ हँडिकॅपला २०११ चं हेड म्हणजे उगाच शिक्षा. आत्ताच्या हेडचं वजन मागे आणि खाली गेलंय, हील (दांड्याकडची बाजू) किंवा टोवर (पलीकडचं टोक) लागलं तरी हेड कमी वळतं. २०२४ साली पिंगचा जी-४३० मॅक्स १०के आणि टेलरमेडचा क्यूआय-१० मॅक्स आले ते याच जोरावर. (तो १०,००० चा आकडा दोन अक्षांच्या एमओआयची (हेडच्या वळण्याला होणाऱ्या विरोधाची) बेरीज आहे, बरं का. नियमातली मर्यादा एकाच अक्षाला आहे, ५९०० अधिक १०० सूट. जाहिरातीत हे बारीक अक्षरात असतं.) वाकड्या बॉलचं कॅरी त्याने वाचतं. पावसाळ्यात तर फेअरवेवर रोल मिळतच नाही, तेव्हा कॅरी हाच सगळा हिशेब.

शाफ्टवेडा:
@पाचवा_पुट, खरं आहे, पण एका अटीवर. जास्त एमओआयचा फायदा मार *विखुरलेला* असेल तर. कधी टो, कधी हील, कधी वर. मार एकाच चुकीच्या जागी घट्ट गोळा होत असेल तर ती उभं राहण्याची किंवा टीच्या (चेंडू ठेवायच्या खुंटीच्या) उंचीची गोष्ट आहे. नवं हेड ती चूक झाकेल, दुरुस्त करणार नाही. म्हणून आधी फेसचा नकाशा काढा.

आर-११ चा फेस काळा आहे, त्यावर काळ्या मार्करचा ठिपका दिसत नाही. फेसवर पांढऱ्या मास्किंग टेपचा एकच थर लावा, चेंडूच्या मागच्या बाजूला व्हाइटबोर्ड मार्करने रुपयाएवढा ठिपका काढा आणि तो फेसकडे करून टीवर ठेवा. दर दहा मारांनी टेप बदला आणि जुनी टेप वहीत चिकटवा. एकूण ३० मार, त्यात 'हा नको, हा वाईट लागला' म्हणून काही गाळायचं नाही. टेप असताना मॉनिटरचे आकडे लिहू नका, टेपने स्पिन बदलतो.

डावा_डॉगलेग:
केलं. टॉर्चने तडा दिसला नाही. ३० पैकी २१ खुणा मध्यापासून हीलकडे आणि खाली, एका लिंबाएवढ्या गोळ्यात. पाच मध्यावर, चार इकडेतिकडे. टी जमिनीत बरीच आत जात होती, चेंडूचा जेमतेम वरचा पाव भाग क्राउनच्या वर दिसत होता.

घाटावरचा_बंकर:
झालं मग, पैसे खिशात ठेवा. हीलवर लागलं की गिअर इफेक्ट चेंडूला उजवीकडे वळवतो (उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी), खाली लागलं की स्पिन वाढतो. तुमच्या तिन्ही तक्रारी (उजवीकडे जाणं, जास्त स्पिन, कमी कॅरी) या एका गोळ्यात बसतात.

टी सव्वातीन इंची घ्या आणि हेड जमिनीवर टेकवल्यावर अर्धा चेंडू क्राउनच्या वर दिसेल इतकीच खोचा. चेंडू डाव्या टाचेच्या आतल्या बाजूला. मग चेंडूपासून अर्धा इंच लांब उभे राहा. अर्धाच! एकदम दोन इंच सरकलात तर आठवड्याभरात टोवर मारायला लागाल. हे जमेना तर ग्रिप एक इंच खाली धरून दहा मार टेप लावून बघा. मूळ शाफ्ट पावणेशेहेचाळीस इंचांचा आहे, बऱ्याच जणांना तो लांबच पडतो. खाली धरल्यावर गोळा मध्याकडे आला तरी लगेच शाफ्ट कापायला देऊ नका. एक इंच कापला की स्विंगवेट साधारण सहा पॉइंट उतरतो आणि हेड हातात जाणवेनासं होतं. ते भरून काढायला हेडवर बारा ग्रॅमच्या आसपास वजन लागतं.

शाफ्टवेडा:
पुढचं काम लॉफ्टचं. ९२ मैलांना ९ अंश कमीच. हीलखालचा स्क्रू सैल करा, हेड शाफ्टवरून ओढून काढा, स्लीव्ह (शाफ्टच्या टोकाची नळी) 'हायर'वर फिरवा, परत बसवा. पाना 'टक्' करून सुटेपर्यंत घट्ट करा. टक् व्हायच्या आधी थांबलात तर हेड सैल राहतं, आणि साध्या ॲलन कीने जोर लावलात तर स्क्रूचं डोकं जातं. एक अंश वाढेल, पण हेड टेकवल्यावर फेस किंचित बंद दिसेल. दिसणं डोळ्यांत खुपलं तर तळाची त्रिकोणी प्लेट फिरवून ते सुधारता येतं. मात्र ॲड्रेसला (मारायच्या आधी उभं राहताना) हेड हवेत धरत असाल तर प्लेटचा काडीचा उपयोग नाही, ती जमिनीला टेकली तरच काम करते.

क्रम पाळा: आधी टी आणि उभं राहणं, नंतर लॉफ्ट. दोन्ही एकदम बदललं तर कशाने काय झालं ते कळणार नाही.

पाचवा_पुट:
बरं, माघार. हेडमधल्या बदलत्या वजनांचं काय? १० ग्रॅमचा स्क्रू हीलला टाकला तर उजवीकडे जाणं कमी होईल ना?

शाफ्टवेडा:
थोडं होईल. पण तो हीलवर मारायचं थांबला नाही तर काही यार्डांच्या पलीकडे फरक नाही. शेवटी करायची गोष्ट.

बे_एरिया_बोगी:
उद्या बदलायचाच झाला तर थेट नव्या मॉडेलवर उडी नको. २०१८ चा पिंग जी-४०० मॅक्स किंवा २०२१ चा जी-४२५ मॅक्स वापरलेला घ्या. १७ हँडिकॅपला त्यातून मिळणारी सहनशीलता आणि आजच्या हेडची, यात किमतीइतका फरक नाही. दोन गोष्टी लक्षात ठेवा. आर-११ चा स्लीव्ह टेलरमेडच्या एम किंवा सिम मालिकेतल्या हेडला बसत नाही, पिंगला तर नाहीच, तेव्हा आवडता शाफ्ट तसाच हलवता येणार नाही. स्लीव्ह काढून नवा चिकटवावा लागेल (टिप ०.३३५ इंच), आणि ग्रॅफाइट शाफ्ट गरम करून काढताना पिळायचा नसतो, सरळ ओढायचा असतो. हे कारागिराकडूनच. पिंगमध्येही जी-४०० चा स्लीव्ह वेगळा आहे, जी-४१० पासून पुढे एकमेकांत चालतात.
दुसरं, ऑनलाइन वापरलेला घेताना नकलीपासून जपा. होझेलवरचा (हेडची मान, जिथे शाफ्ट बसतो) सिरियल नंबर कोरलेला हवा, छापलेला नको. विकणाऱ्याकडून त्याचा जवळून फोटो मागवा. टाळाटाळ केली तर सोडून द्या.

डावा_डॉगलेग:
टी वर, अर्धा इंच लांब, लॉफ्ट अजून ९ वरच. आज ३० पैकी १७ मध्यावर. स्वतःच्या चेंडूंवर टेप काढून: हेड ९२, चेंडू १३४, लाँच १२.५, स्पिन २९००, कॅरी २०१. हीलच्या खुणा अजून आठ आहेत.

घाटावरचा_बंकर:
आता आणखी लांब उभे राहू नका. त्या आठ बहुधा वजन पंजांवर जाऊन पुढे तोल गेल्याच्या असतील. चेंडूच्या बाहेरच्या बाजूला, दोन बोटं अंतरावर, हेडकव्हर ठेवून मारा. हेडकव्हर उडालं की समजायचं.

शाफ्टवेडा:
आणि ते बसलं की स्लीव्ह 'हायर'वर. त्याआधी नाही.