मदत हवी आहे: गिरणीच्या चाळीतलं घर, भिंतीला लोणा (ओलीबरोबर फुटणारे पांढरे क्षार). सिमेंट खरवडून पुन्हा चुना करावा का?

पाचवं_घर

नमस्कार मंडळी. प्रश्न भिंतीचा आहे, पण घर कसलं आहे ते सांगितल्याशिवाय कळायचा नाही. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

आम्ही सांगलीत राहतो. एका गिरणीनं आपल्या कामगारांसाठी बांधलेली दहा घरांची ओळ आहे, त्यातलं पाचवं आमचं. गिरणी कधीच बंद पडली, भोंगा गेला. तरी रिक्षावाल्याला 'गिरणीची चाळ' एवढं सांगितलं की पुरतं. सासरे सूत खात्यात होते. साच्यांच्या आवाजानं कान गेले, त्यामुळे आमच्या घरात गुपित असं काही राहत नाही. दुपारची पाळी लागायच्या वेळेला ते अजून भिंतीवरच्या घड्याळाकडं बघतात.

घर म्हणजे पुढं ओटा, एक खोली, मागं स्वयंपाकघर आणि हातभर परसू. चौदा इंची विटांची भिंत, सांधे मातीचे, वरून चुन्याचा गिलावा. छप्पर मंगलोरी कौलांचं आणि दहाही घरांवर एकसलग. घराघरातल्या भिंती पुरुषभर उंचीच्या वर थोड्याशा जाऊन थांबतात, आढ्यापर्यंत पोचत नाहीत. मागं एकदा सासूबाईंनी ओरडून विचारलं, "आमटीत मीठ टाकलंस का गं?" मी तोंड उघडायच्या आत सहाव्या घरातून उत्तर आलं, "टाकलं!"

आता मूळ दुखणं. ऑगस्ट २०१९ चा पूर. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, त्या वेळी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. आमच्याकडं खिडकीच्या चौकटीपर्यंत आलं आणि पाच दिवस हललं नाही. उतरल्यावर गाळ काढला, तर खालचा गिलावा हाताला पिठासारखा येत होता. ज्यांना काम दिलं ते म्हणाले, जुना चुना काढून टाका, सिमेंट मारू, पंचवीस वर्षं बघायला नको. चार फुटांपर्यंत सिमेंट झालं, त्यात वॉटरप्रूफिंगची पावडर, वरून प्लॅस्टिक पेंट. त्याच खर्चात शहाबादी फरशी उपटून व्हिट्रिफाइड टाइल्स बसवल्या. घर लग्नाला काढल्यासारखं दिसायला लागलं.

पंचवीस सोडा, दोन वर्षंही धड गेली नाहीत. २०२१ च्या जुलैत पुन्हा थोडं पाणी येऊन गेलं. त्यानंतर रंगाला फोड आले. आणि आता लोणा कुठं, तर सिमेंट संपतं त्याच्या वर, पाच फुटांवर! जिथं पूर्वी कधीच ओल नव्हती. पांढरी बुरशीसारखी पावडर रोज झाडून काढते, सकाळी परत हजर. मधल्या भिंतीला पलीकडून, म्हणजे सहाव्या घरातही तेच सुरू झालंय. त्यांनी काहीच केलं नव्हतं. त्यांचा जुना चुना तसाच होता. त्यामुळे वहिनींचं म्हणणं, तुमच्या सिमेंटनं आमच्याकडं ओल ढकलली. दिवाळीचा फराळ गेला-आला, पण ताट दारातूनच परत. हे मला भिंतीपेक्षा जास्त लागलंय.

सासऱ्यांचा एकच हेका: "गिरणीचा माणूस दरवर्षी दिवाळीच्या आधी चुना मारून जायचा, तेव्हा कुठं होता लोणा?" मला वाटतं पूर्वी पूर एवढे येत नव्हते म्हणून नव्हता. पण खात्री नाही.

तर, सिमेंट काढून परत चुना करावा का? की आणखी चांगलं केमिकल मिळतं? शिवाय नऊ आणि दहा नंबरवाले कौलं उतरवून स्लॅब टाकू म्हणतायत, 'तुम्हीही टाका, एकदमच होईल' असा आग्रह आहे. त्यावरही बोला. पैसे बेताचेच आहेत.

---

चुनकळी

ताई, तुमच्या सासऱ्यांनी उत्तर दिलेलंच आहे, आपण फक्त कारण शोधू.

मातीच्या सांध्यांची वीट जमिनीतलं पाणी वर ओढते. कंदिलाच्या वातीसारखं. चुन्याचा गिलावा सच्छिद्र असतो, त्यामुळे ते पाणी खालीच, फूट-दीड फुटावर उडून जातं. पाण्याबरोबर आलेले क्षार पृष्ठभागावर उरतात आणि चुन्याला भुसभुशीत करतात. म्हणजे भिंतीच्या वतीनं गिलावा मरतो. दरवर्षी सैल झालेलं खरवडून वर चुना मारला की पुन्हा वर्षभर चाललं. गिरणीचा माणूस तेच करत होता, रंगरंगोटी नव्हे.

तुम्ही त्या वातीला चार फूट सिमेंटचं बूच लावलंत. खाली टाइल्स लावून जमिनीचंही तोंड बंद केलंत, शहाबादीच्या सांध्यांतून थोडी तरी वाफ निघत होती. मग पाणी जाणार कुठं? जिथं सिमेंट संपतं तिथं, नाहीतर पलीकडच्या बाजूला, जिथं अजून चुना आहे. वहिनींचं म्हणणं शास्त्राला धरून आहे, माफ करा.

केमिकलच्या नादी लागू नका, आणखी एक बूच होईल. आणि लोणा ओल्या फडक्यानं पुसत असाल तर थांबा. क्षार विरघळून परत आत जातात. कोरड्या ब्रशनं झाडायचा आणि खाली पडलेलं उचलून बाहेर टाकायचं.

पण गिलाव्याला हात लावायच्या आधी एक सांगा. रस्ता उंच आहे की तुमची फरशी?

---

कुंडल_रोड

धाग्याला थोडा फाटा फोडतो. किर्लोस्करवाडीच्या बाजूचा आहे म्हणून राहवलं नाही. (जुन्यांना आयडी कळला असेल, आमच्या स्टेशनचं आधीचं नाव.) १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगाव सोडून इथं आले तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेली ३२ एकर जागा म्हणजे निवडुंग आणि साप. माणसं राहणार कुठं, म्हणून नांगराच्या कारखान्याबरोबर गावही उभं करावं लागलं. तिकडं कऱ्हाडजवळ ओगलेवाडीलाही काचकारखान्याचंच नाव. प्रभाकर कंदील ज्यांच्या घरात होता त्यांना सांगायला नको.

मुद्दा असा की माळावर वस्ती बसवली की जागा ऐसपैस मिळते. शहराला खेटून गिरणी असली की तुमच्यासारखी ओळ, भिंतीला भिंत. अशा ओळीत एका घराचं दुखणं एकट्याचं राहत नाही. वहिनींना सोबत घेतल्याशिवाय काही करू नका.

---

रोखठोक_मिरजकर

भावनेत कशाला अडकायचं? दोनदा पाणी आलेली जागा. पाडा, खांबांवर नवं बांधा, खाली गाड्या लावा. लोणा वगैरे विषयच संपला.

---

पाचवं_घर

@रोखठोक_मिरजकर, मनात आलं नाही असं नाही. पण दहा घरं, दहा प्रॉपर्टी कार्डं, दोन घरांत भावाभावांच्या तारखा चालू. मधल्या भिंती सामाईक, एकट्यानं पाडायचं म्हटलं तर दोन्हीकडचे उघड्यावर येतात. दहा जणांचं एकमत होईपर्यंत माझी मुलगी सासू होईल.

@चुनकळी, तुमचा प्रश्न वाचून हसू आलं होतं, रस्ता कसा उंच असेल? तरी मुलाला लावून पाण्याच्या नळीनं लेव्हल बघितली. रस्ता फरशीपेक्षा पाच इंच वर! सासऱ्यांना विचारलं तर म्हणाले, ओट्याला तीन पायऱ्या होत्या, त्यावर बसून पगाराच्या दिवशी हिशेब व्हायचे. आता एकही दिसत नाही. डांबरावर डांबर, त्यावर काँक्रीट, रस्ता चढत गेला आणि आमच्या डोळ्यादेखत पायऱ्या गिळल्या. एवढी वर्षं त्या ओट्यावरून ये-जा करते, लक्षातच आलं नाही.

---

बांधकाम_खाते_निवृत्त

स्लॅबबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. पाच इंची स्लॅब म्हणजे चौरस मीटरला तीनशे किलोच्या पुढं. मंगलोरी कौल दोन-अडीच किलोचं, चौरस मीटरला साधारण पंधरा बसतात, म्हणजे चाळीसच्या आत. वासे-रिपा धरल्या तरी फरक प्रचंड. पुरात दोनदा भिजलेल्या मातीच्या सांध्यांवर हे ओझं ठेवणार? नवीन खांब, नवीन पाया घेऊन टाकायचा तर गोष्ट वेगळी, पण मग ती दुरुस्ती राहिली नाही. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी साताऱ्यात शाळकरी होतो. पहाटे डोक्यावर कौल पडलं तर खोक पडते, स्लॅबचं मी सांगायला नको.

दुसरं, टोकाच्या त्या दोन घरांनी कौलं काढली तर आठव्या घराच्या छपराचा आधार काय? वासे, पाटे सलग असतील तर आधी तिथं भिंत आढ्यापर्यंत चढवून घ्यायला लावा. तोंडी नको, लिहून घ्या. शाकारणी (कौलं चाळून नीट बसवणं) मात्र दहा घरांनी एकदम करा, मे महिन्यात. एकट्यानं केली की शेजारच्या फुटक्या कौलाचं पाणी तुमच्याच वाशावर येतं.

---

चुनकळी

पाच इंच! मग क्रम ठरला.

पहिलं, बाहेरचं पाणी. ओट्याच्या कडेनं फूटभर रुंद चर, तळ घराच्या फरशीच्या खाली, उतार गटाराकडं, आत मोठी खडी. पाया मातीत असेल तर चर भिंतीला चिकटून नको, हातभर सोडून. एकदम सगळा न खणता तुकड्यातुकड्यानं खणा.

दुसरं, सिमेंट काढणं. छिन्नी-हातोड्यानं हळू, ब्रेकर नको, मातीचे सांधे हलतील. लोण्याच्या रेषेच्या वर दोन फुटांपर्यंत काढा आणि वीट उघडी ठेवा. किती दिवस? निदान एक उन्हाळा. घर वाईट दिसेल, पाहुण्यांना सांगा काम चालू आहे. फिटलेले सांधे मात्र लगेच भरून घ्या.

तिसरं चुना. पानवाल्याचा नव्हे आणि फक्कीही (तयार भुकटी) नव्हे, चुनकळी (भाजलेल्या चुन्याचे खडे) आणून पाण्यात विझवायची. विझवताना उकळी फुटते, मुलांना लांब ठेवा, डोळ्याला चष्मा लावा. निवळी (वर येणारं स्वच्छ पाणी) तशीच वर ठेवून महिनाभर मुरू द्या. मग एक भाग चुना, तीन भाग वाळू, पाव भाग विटांची भुकटी. दोन पातळ थर, मध्ये आठ-दहा दिवस, ओलं गोणपाट टांगून. सिमेंटसारखी घाई केली तर तडकतो. वर फक्त चुन्याची सफेदी. परत पूर आला तर खालचा गिलावा खराब होईल, तो होऊ द्यायचा आणि बदलायचा. खर्च दर वेळी थोडा आहे, पण भिंत वाचते.

टाइल्स आताच काढू नका. भिंतीला लागून एक ओळ काढून तिथं वाळू-चुन्यात शहाबादी बसवा, फरक बघा.

---

पाचवं_घर

सगळ्यांचे आभार. आज सकाळी मधल्या भिंतीवरचं ताटलीएवढं सिमेंट काढून बघितलं. काढलं म्हणजे काय, एका ठोक्यात पापुद्र्यासारखं सुटून हातात आलं. मागची वीट काळपट, ओली. सांध्यात स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत गेला. सगळा वास तळ्यातल्या चिखलाचा, २०१९ चाच असावा असं उगीच वाटलं.

ठोक्यांच्या आवाजानं वहिनी वरून हाक न मारता दारातून आत आल्या. काही बोलल्या नाहीत. वाकून त्या भोकात बोट घातलं, बाहेर काढून चोळून बघितलं, पदराला पुसलं. मग म्हणाल्या, "आमच्या बाजूनं पण काढायला लागंल का गं?"

चराचं काम पुढच्या रविवारी दोन्ही घरं मिळून करतोय. बाकीच्या आठ घरांना चहाला बोलावलंय, सासरे बोलणार आहेत, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईलच. आता शेवटचं विचारते: सांगली, मिरज, तासगाव, कऱ्हाड, कुठंही चुन्याचा गिलावा करणारा जुना गवंडी कोणाच्या ओळखीत आहे का? नंबर इथं उघड टाकू नका, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. चुनकळी होळीच्या आत विझवून ठेवायची म्हणतेय.