हृदयाची मायट्रल झडप बदलायची आहे. मेटलची घेऊ की टिश्यूची? माझा सगळा धंदा विळीवरचा

पोळीभाजी_कराड
नमस्कार मंडळी. वय ४१, कराडात पोळीभाजी केंद्र चालवते. रोज दीडशेच्या वर पोळ्या आणि दोन भाज्या, मदतीला एक मावशी.

लहानपणी सांधे सुजून ताप आला होता. महिनाभर अंथरुणात होते, मग बरी झाले आणि सगळेच विसरले. पहिल्या बाळंतपणात सातव्या महिन्यात धाप लागायला लागली, तेव्हा कळलं की त्या तापाने मायट्रल झडप खाल्लीय. २९व्या वर्षी मांडीतून फुगा घालून झडप मोकळी केली. त्यानंतर दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, आणि बारा वर्षं चांगली गेली. आता जिना चढवत नाही, रात्री दोन उश्या घेऊन टेकून झोपते. इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) झडपेची वाट ०.९ चौ. सेंमी. आलीय, गळती आहे, झडपेवर चुनाही साचलाय. त्यामुळे पुन्हा फुगा नाही, बदलायचीच.

सर्जन म्हणाले, मेटलची टिकेल, पण जन्मभर रक्त पातळ करायची गोळी आणि आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी. टिश्यूची दहा-पंधरा वर्षं, तुमच्या वयाला त्याहून कमीही, मग परत छाती उघडायची. सोमवारी सांगा म्हणाले.

माझा ओढा टिश्यूकडे आहे, कारण ती विळी. आठवड्यातून दोनदा तरी बोट कापतं. रक्त थांबलंच नाही तर? शिवाय मेथी-पालक बंद म्हणतात. सासूबाईंचं वेगळंच. टिश्यूची झडप गाईची असते हे ऐकल्यापासून धड बोलत नाहीत. मी म्हटलं डुकराचीपण मिळते, तर ते जास्तच महागात पडलं.

हाताने राबणारं कोणी आहे का इथे, अशा गोळीवर?

टिकटिक_चिपळूण
ताई, मी आहे. एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक, वय ५२. मायट्रलच, मेटलची, २००७ पासून. माझी चित्रा झडप आहे, त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन आणि मंडळींनी बनवलेली. १९९० साली पहिल्यांदा माणसात बसवली. आपल्या देशाची म्हणून मला तिचं कौतुक आहे, बायको म्हणते गाडीच्या पार्टसारखा बोलतोस.

आधी कापण्याचं सांगतो. ‘रक्त पातळ’ हा शब्द फसवा आहे. रक्त पाण्यासारखं होत नाही, गोठायला वेळ लागतो एवढंच. पत्र्याने हात कापला की स्वच्छ फडकं घट्ट दाबून घड्याळ लावून दहा मिनिटं बसतो. मधे उघडून बघायचं नाही, सगळे तिथेच चुकतात. वर्षात शंभरदा कापलं असेल, टाक्यासाठी दोनदा गेलो. मी घाबरतो ते डोक्याला मार लागण्याला, काळ्या शौचाला आणि कधी नव्हे ती जोराची डोकेदुखी झाली तर. तिथे थांबायचं नाही, थेट हॉस्पिटल.

खरं नुकसान मला कापल्याने कधी झालं नाही. गोळी चुकल्याने झालं. २०१४च्या गणपतीत गावी गेलो, गोळ्यांचं पाकीट चिपळुणातच राहिलं. म्हटलं चार दिवसांनी काय होतंय. परत आलो, गोळ्या सुरू केल्या, आठवड्याने धाप लागायला लागली. रात्री बायको म्हणाली, तुमच्या झडपेची टिकटिक आज ऐकू येत नाही. झडपेवर गुठळी बसून चकती अडकली होती. गुठळी विरघळवायचं औषध दिलं आणि वाचलो, पण ते औषध देण्याआधी डॉक्टरांनी सही घेतली होती, एवढं सांगतो. तेव्हापासून एक पाकीट घरी, एक डब्याच्या पिशवीत, एक बहिणीकडे गावी.

दुसरी चूक मेडिकलवाल्याला विचारून औषध घेतल्याची. गुडघ्यासाठी दुखण्याची गोळी घेतली, त्याच आठवड्यात पोट बिघडलं म्हणून मेट्रोनिडाझोल. ब्रश करताना हिरड्यांतून रक्त, आयएनआर ७ च्या वर. मायट्रलच्या मेटल झडपेला तो २.५ ते ३.५ ठेवायला सांगतात. आता सर्दीची गोळी असली तरी आधी ‘मी ॲसिट्रॉमवर आहे’ म्हणतो, ॲसिट्रॉम म्हणजे हीच रक्त पातळ करायची गोळी.

भाजी बंद नाही. पालेभाजीत के जीवनसत्त्व असतं, ते या गोळीच्या उलट काम करतं. म्हणून रोज साधारण तेवढीच खायची. आमच्याकडे श्रावणात अळूचं फदफदं, अळूवड्या, शेवग्याचा पाला, सगळं एकदम सुरू होतं. एका श्रावणात आयएनआर १.८ वर आला. आता आठवड्यात ठरवून तीनदा पालेभाजी, बाराही महिने.

आणि ते पेनिसिलिनचं इंजेक्शन. गोळी सुरू झाल्यावर त्या इंजेक्शनच्या जागी मला कंबरेत लिंबाएवढी रक्ताची गाठ आली, मग डॉक्टरांनी पेनिसिलिनच्या गोळ्यांवर नेलं. तुम्ही आधीच विचारून ठेवा.

अनघा_नाशिक
मी दोन्ही प्रकारच्या झडपा वापरून बसलेय. २६व्या वर्षी टिश्यूची घेतली, कारण मूल हवं होतं आणि ही गोळी पहिल्या तीन महिन्यांत बाळाला बाधू शकते. मुलगी झाली, ठणठणीत आहे. ३७व्या वर्षी झडप संपली, परत ऑपरेशन. दुसऱ्यांदा आत सगळं चिकटलेलं असतं, माझे आठ दिवस आयसीयूत गेले. पश्चात्ताप नाही, पण माझं कारण वेगळं होतं. तुमची बाळंतपणं झाली ना?

लॅबवाली_सांगली
ताई, एक विचारते. ठोके अनियमित आहेत का? फाइलमध्ये ‘एएफ’ किंवा एट्रियल फिब्रिलेशन लिहिलंय का बघा. असेल तर टिश्यूची घेऊनसुद्धा गोळी सुटेलच असं नाही. ‘टिश्यू घेतली की गोळी नको’ हे अर्धंच सांगितलं जातं. मी दिवसाला पंधरा-वीस आयएनआर काढते, त्यात टिश्यूवालेही असतात.

कोणीतरी सांगेल की तपासणी न लागणाऱ्या नव्या गोळ्या आल्यात. मेटलच्या झडपेला त्या चालत नाहीत. त्यांतल्या डॅबिगॅट्रानची चाचणी गुठळ्या आणि रक्तस्राव वाढल्याने थांबवावी लागली, ते २०१३ला छापून आलं. २०२२ला अपिक्साबॅनचीही थांबवली.

पोळीभाजी_कराड
फाइल काढली. ‘एएफ’ लिहिलंय, दोन ठिकाणी. आणि आता हसू नका. तीन महिन्यांपासून रात्री एक बारीक गोळी चालू आहे, मी तिला बीपीची समजत होते. पाकिटावर ॲसिट्रॉम २.

म्हणजे तीन महिने मी याच गोळीवर विळीवर बसतेय. परवाच मेथी निवडताना अंगठा कापला, हळद दाबली आणि पोळ्या लाटायला घेतल्या.

टिकटिक_चिपळूण
घ्या! हळद नको, फडकं दाबा. शेवटचा आयएनआर कधी केला?

पोळीभाजी_कराड
गोळी सुरू झाली तेव्हा एकदा. परत करायचा असतो हे कोणी नीट सांगितलं नाही, की माझंच लक्ष नव्हतं, देव जाणे.

लॅबवाली_सांगली
उद्या सकाळीच जा. उपाशी राहायचं नाही, चहा-पोहे खाऊन जा. दर वेळी एकच लॅब धरा. गोळी रात्रीचीच ठेवा, म्हणजे संध्याकाळी रिपोर्ट आला की डोस त्याच दिवशी बदलता येतो. रिपोर्ट डॉक्टरांना फोनवर कळवायचा, स्वतः डोस बदलायचा नाही. आणि ऑपरेशनआधी गोळी कधी थांबवायची तेही त्यांनाच विचारा.

अनघा_नाशिक
रेशनकार्ड घेऊन हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेटा, झडपेचं ऑपरेशन महात्मा फुले योजनेत बसतं. ॲडमिट होण्याआधीच भेटा. आणि दातांचं काही काम असेल तर तेही आधी उरका. नंतर दात काढायचा तर आधी अँटिबायोटिक घ्यावं लागतं.

पोळीभाजी_कराड
आयएनआर १.४ आला. डॉक्टर चिडले, डोस वाढवला, तीन दिवसांनी परत करायचाय. सर्जनना थेट विचारलं, टिश्यू घेतली तर गोळी सुटेल का? म्हणाले, तुमच्या बाबतीत खात्री देत नाही. मग म्हटलं गोळी खायचीच आहे तर छाती एकदाच उघडा. मेटलची सांगितली. दोन महिने पोळ्या लाटायच्या नाहीत, मावशींना भाचीला घेऊन यायला सांगितलंय.

सासूबाई खूश आहेत. फक्त काल रात्री विचारत होत्या, आत गंजणार नाही ना?

टिकटिक_चिपळूण
नाही म्हणावं. माझीने चिपळूणचे अठरा पावसाळे काढलेत.