मदत हवी आहे: अण्णांच्या पायाला रक्त कमी पोचतंय, सार्पोग्रेलेट दिलंय

नमस्कार. आम्ही निपाणीजवळच्या खेड्यातले. अण्णा ५८ वर्षांचे, तंबाखूच्या वखारीत कामाला, बिडी तरुणपणापासूनची. वर्षभर चालताना डावी पोटरी भरून यायची, थांबले की मोकळी व्हायची. आता रात्री पडलं की चवडा ठणकतो. मग उठून पाय खाटेखाली सोडून बसतात, तेव्हा कुठे उतार पडतो. लोंबता पाय लालबुंद होतो, वर धरला की पांढराफटक. करंगळीजवळची जखम भरतच नाही.

बेळगावात डॉपलर (रक्तप्रवाह बघायची सोनोग्राफी) केलं. मांडीतली धमनी बंद, घोट्याचा रक्तदाब दंडाच्या ०.४२ पट. अ‍ॅस्पिरिन, अ‍ॅटोरव्हास्टॅटिन आणि सार्पोग्रेलेट १०० दिवसातून तीनदा. सर्जनची तारीख पुढच्या महिन्यातली.

ही गोळी सेरोटोनिनला अडवते म्हणे. पण सेरोटोनिन मेंदूतलं, असंच आजवर ऐकत आले. पायाशी त्याचा काय संबंध? आणि तिच्या भरवशावर महिनाभर थांबू का? अण्णांना अर्धशिशीही आहे, अधूनमधून दुकानातून गोळी आणून घेतात, ती चालेल ना? कृपया लवकर सांगा, रात्री त्यांचं कण्हणं ऐकवत नाही.

प्रतिसाद:
ताई, आधी अर्धशिशीच्या गोळीचं पाकीट बघा. अर्गोटामाइन किंवा सुमाट्रिप्टान लिहिलेलं असेल तर पुढची गोळी देऊ नका आणि आजच डॉक्टरांना फोन करा. ही औषधं सेरोटोनिनचेच रिसेप्टर (तो जिथे चिकटून काम करतो त्या पेशींवरच्या जागा) चेतवून रक्तवाहिन्या आवळतात. अशा पायाला ती वर्ज्य.

सेरोटोनिन बहुतांश आतड्यात तयार होतं आणि रक्तातल्या प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी) ते साठवतात. खराब धमनीला चिकटल्या की तिथेच सोडतात. आतलं अस्तर बिघडलेलं असलं की त्यानं धमनी आकसते. मुख्य धमनी बंद पडल्यावर पाय ज्या बाजूच्या बारीक वाहिन्यांवर जगतो, त्याही आकसतात. सार्पोग्रेलेट सेरोटोनिनचा हा आकसवणारा रिसेप्टर अडवतं, प्लेटलेटचं चिकटणंही कमी करतं. म्हणून गोळी चुकीची नाही.

पण बंद धमनी तिनं उघडत नाही. पडल्या जागी ठणका आणि न भरणारी जखम असताना महिनाभर थांबू नका. डॉपलरचा रिपोर्ट घेऊन याच आठवड्यात बेळगावात नाहीतर कोल्हापुरात रक्तवाहिन्यांचे सर्जन गाठा. फुगा घालायचा की बायपास, ते अँजिओग्राफीनंतर (धमन्यांचं चित्र काढल्यावर) ठरेल. पाय अचानक गार किंवा बधिर पडला, तर रात्र असली तरी निघा. पाय शेकू नका, भाजलेलं कळत नाही. बिडी मात्र आजपासून पूर्ण बंद.